मोहोळाची हिवाळी तजवीज

थंड प्रदेशांत हिवाळा जवळ आला म्हणजे पुष्कळ प्राणी दोहोंपैकी एक मार्ग पत्करतात. कोणी उष्ण मुलखाकडे स्थलांतर करतात, तर कोणी शरीराचे सर्व व्यापार मंदावून दीर्घ निद्रेच्या स्वाधीन होतात. गांधीलमाश्यांच्या बाबतीत तर शरद ऋतूच्या अखेरीस बहुधा सगळी वसाहतच मरून जाते आणि फलित झालेल्या नव्या राण्या तेवढ्या झाडाच्या सालीखाली किंवा एखाद्या फटीत निश्चेष्ट पडून वसंताची वाट पाहतात. युरोपीय मधमाशीने, जिला शास्त्रज्ञ एपिस मेलिफेरा या नावाने ओळखतात, या दोन्हींहून निराळा असा तिसरा मार्ग पत्करला आहे. ती कोठे जात नाही आणि झोपतही नाही. दहा ते वीस हजार माश्यांचा समुदाय आपल्या एकुलत्या एक राणीला मध्ये घेऊन, बर्फाने वेढलेल्या अंधाऱ्या पोकळीत चार-पाच महिने जागा राहतो आणि उन्हाळ्यात साठवलेला मध खाऊन, त्या मधाची आपल्या स्नायूंत ऊब करून, वसंतातील पहिल्या फुलापर्यंत तग धरतो. मनुष्य जो मध मोठ्या आवडीने पोळ्यातून काढून घेतो, तो मुळात या दीर्घ मुक्कामासाठी जमवलेले सरपण होय, ही गोष्ट मधपाळाने कधीही विसरू नये.

परसात एखाददुसरी मधपेटी बाळगणाऱ्या गृहस्थाचा सर्वसाधारण समज असा असतो की माश्या थंडीने मरतात, आणि म्हणून पेटीला बाहेरून काहीतरी उबदार गुंडाळले म्हणजे आपले कर्तव्य संपले. अनुभव आणि शास्त्र या दोहोंचा कौल याच्या विरुद्ध आहे. निरोगी, संख्येने भरपूर, मधाची शिल्लक राखून असलेली आणि कोरड्या जागी बसलेली वसाहत उणे वीस अंश सेल्सिअसची थंडीदेखील निभावून नेते. उलटपक्षी उपासमार, ओल किंवा रोग यांपैकी एकाने जरी ग्रासलेली असली तरी ती सौम्य हिवाळ्यातही दगावते. म्हणून हिवाळ्याची तयारी ही हिवाळा आल्यावर करावयाची गोष्ट नसून तिचा आरंभ ऑगस्टमध्ये, म्हणजे उन्हाची तलखी अद्याप ओसरली नसताना करावा लागतो. ही तयारी कशी करतात आणि का करतात, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यूयॉर्क राज्य, न्यू इंग्लंड आणि त्यांच्या उत्तरेचा ओंटारिओ हा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल, कारण परसातील मधपेटी ही तेथे नित्याची बाब आहे आणि हिवाळाही तेथे पूर्ण कसोटी घेणारा असतो.

मधमाशी ही अमेरिकेची मूळ रहिवासी नव्हे. १६२२ साली इंग्रज वसाहतकारांनी ती जहाजातून व्हर्जिनियात आणली आणि तेथून ती खंडभर पसरली. त्या काळी युरोपात आणि अमेरिकेत माश्यांना पेंढ्याच्या विणलेल्या, पालथ्या टोपलीच्या आकाराच्या घरांत ठेवीत. या घरांतील पोळी भिंतींना चिकटलेली असल्यामुळे आत किती मध आहे, राणी आहे की नाही, याचा काहीच अदमास घेता येत नसे. शरद ऋतूत मधपाळ प्रत्येक घर हाताने उचलून त्याचे वजन अजमावी. जे सर्वांत जड, त्यात मध अधिक म्हणून. आणि जे सर्वांत हलके, ते हिवाळा काढणारच नाही म्हणून. अशी दोन्ही टोकांची घरे तो जळत्या गंधकाच्या खड्ड्यावर ठेवून त्यांतील माश्यांचा संहार करी आणि मधल्या वजनाची तेवढी पुढील सालासाठी राखी. या वार्षिक संहाराला पर्याय मिळाला तो फिलाडेल्फिया येथील लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या निरीक्षणामुळे. सुमारे सहा ते नऊ मिलिमीटर रुंदीची जागा माश्या येण्याजाण्यासाठी मोकळी सोडतात. त्याहून अरुंद फट असली तर ती झाडांच्या डिंकासारख्या पदार्थाने बुजवतात आणि त्याहून रुंद असली तर तीत नवे पोळे बांधतात, हे त्याने १८५१ साली ओळखले आणि तेवढे अंतर राखून लाकडी चौकटी टांगलेली पेटी सिद्ध केली. १८५२ मध्ये तिचे एकस्व त्याला मिळाले. चौकट सुटी निघू लागली, म्हणजेच वसाहतीचे अंतरंग मधपाळाला वाचता येऊ लागले. मध किती, पिलावा (म्हणजे अंडी, अळ्या व कोष) किती, राणी कशी, हे सर्व पाहून हिवाळ्याची तजवीज करणे तेव्हापासून शक्य झाले.

पेटीच्या आत हिवाळ्यात नेमके काय चालते, याचा उलगडा १९१४ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील फिलिप्स आणि डेमुथ या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालाने पुष्कळसा झाला. वसाहतीच्या निरनिराळ्या भागांत विजेची तापमापके बसवून आणि माश्यांना मुळीच न हालवता त्यांनी सतत नोंदी घेतल्या, तेव्हा असे दिसून आले की भोवतालची हवा सुमारे चौदा अंशांच्या खाली उतरली की पेटीभर विखुरलेल्या माश्या एकत्र येऊन गोलाकार पुंजका बांधू लागतात. या पुंजक्याला दोन थर असतात. बाहेरच्या थरातील माश्या डोकी आत करून एकमेकींना घट्ट बिलगून बसतात आणि त्यांच्या अंगावरील लव हवेचा एक स्तब्ध पदर धरून ठेवते. आतल्या भागातील माश्या पंखांची जोडणी सोडवून केवळ छातीतले उड्डाणाचे स्नायू ताणीत राहतात आणि त्या हालचालीविना झालेल्या श्रमातून उष्णता निर्माण करतात. पोळ्यात पिलावा नसेल तेव्हा पुंजक्याचा गाभा साधारण वीस अंशांच्या वर राखला जातो. पिलावा असला तर तो तेहतीस ते पस्तीस अंशांवर न्यावा लागतो. बाहेरचा थर मात्र दहा अंशांच्या आसपास असतो, कारण त्याहून फार खाली गेल्यास माशी गारठून लुळी पडते आणि पुंजक्यातून गळून खाली कोसळते. थंडी वाढली की पुंजका आकुंचन पावतो, उणावली की सैलावतो. आणि आकुंचनाची मर्यादा संपली की अधिक मध जाळण्यावाचून उपाय उरत नाही.

या सर्व नोंदींतून मधपाळाच्या उपयोगाचा जो सिद्धांत निघतो तो असा की माश्या पेटी तापवीत नाहीत, आपला पुंजका तेवढा तापवतात. पुंजक्यापासून चार बोटे दूर असलेली पेटीतील हवा बाहेरच्या हवेइतकीच गार असू शकते. यामुळेच पेटीतील मध किती आहे याइतकेच तो कोठे आहे यालाही महत्त्व येते. पुंजका शरदात खालच्या रिकाम्या कोष्ठकांवर बसतो आणि हिवाळाभर मध खात खात सावकाश वर सरकतो. वर सरकणे त्याला सोपे जाते, कारण त्याची स्वतःची ऊब वरच्या मधाला लागत असते. परंतु कडाक्याच्या थंडीत पुंजका मोडून आडवे जाणे आणि दोन चौकटी ओलांडणे त्याला शक्य नसते. वसंतात पेटी उघडल्यावर डोके कोष्ठकात खुपसून मेलेल्या माश्या आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर जसाच्या तसा भरलेला मध, असे जे दृश्य कित्येकदा दिसते, त्याचे कारण हेच होय. म्हणून शरदात चौकटी लावताना मधाने भरलेल्या चौकटी पेटीच्या वरच्या कोठीत (मजल्यात) व बाजूंना, आणि पिलावा व रिकामी कोष्ठके खालच्या कोठीच्या मध्यभागी, असा क्रम राखतात.

आता ज्या माश्यांनी हा हिवाळा काढावयाचा, त्यांच्याकडे वळू. उन्हाळ्यातील कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत झिजून मरते. हिवाळ्यातील माशी मात्र पाच-सहा महिने जगते. दोघींची राणी एक, अंडे एकाच प्रकारचे, घर एकच, तरी आयुर्मानात हा चौपट-पाचपट फरक पडतो, याचे इंगित त्यांच्या शरीरातील मेदपिंडात आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जन्मलेल्या माश्यांना दाई म्हणून फारसे काम उरत नाही, कारण राणीचे अंडी घालणे ओसरत चाललेले असते. त्या भरपूर पराग खातात, आणि पिलाव्याच्या संगोपनात खर्च होणारे व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन त्यांच्या मेदपिंडात साठून राहते. हाच साठा त्यांना दीर्घायुष्य देतो आणि फेब्रुवारीत, बाहेर एकही फूल नसताना, पहिल्या पिलाव्याला भरवण्याची शक्तीही देतो. याच सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कामकरी माश्या नरांचे खाणे तोडून त्यांना दारातून ओढून बाहेर काढतात. हिवाळ्यात ज्याचा काही उपयोग नाही त्याला शिध्यात वाटा नाही, असा तेथील कायदा आहे. गोल्डनरॉडची पिवळी आणि अ‍ॅस्टरची जांभळी फुले ही त्या प्रदेशातील शेवटची मोठी फुलवण होय, आणि तिच्यातून येणारा पराग हा या दीर्घायुषी पिढीच्या पोषणाचा पाया असतो.

ही पिढीच नासवून टाकणारा शत्रू म्हणजे वरोआ नावाचा परोपजीवी कोळी. तांबूस, चपटा, टाचणीच्या डोक्याएवढा हा जीव मूळचा आशिया खंडातील एपिस सेराना या मधमाशीवरचा, म्हणजे आपल्या सातेरीच्याच जातीवरचा. सेराना आणि वरोआ यांचा सहवास पुरातन असल्यामुळे त्यांच्यात एक प्रकारची तडजोड झालेली आहे; या जातीत तो मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढतो आणि कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला वेचूनही काढतात. परंतु विसाव्या शतकात मेलिफेरा माश्या आशियात नेल्या गेल्या तेव्हा तो त्यांच्यावर चढला आणि ज्यांना त्याची सवय नव्हती अशा त्या माश्यांत त्याने हाहाकार उडवला. अमेरिकेत तो १९८७ साली प्रथम आढळला. वरोआची मादी कोष्ठक मेणाने बंद होण्याच्या बेताला आत शिरते, वाढत्या कोषावर आपली पिले पोसते आणि पंख वेडेवाकडे करणाऱ्या विषाणूचा प्रसारही करते. तो माशीचे केवळ रक्त शोषतो असे पूर्वी मानीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की त्याचे मुख्य भक्ष्य म्हणजे माशीचा मेदपिंड, म्हणजे नेमके तेच इंद्रिय, ज्याच्या भरवशावर हिवाळा काढावयाचा असतो.

यावरून ऑगस्टचे महत्त्व ध्यानात येईल. वरोआचा बंदोबस्त ऑक्टोबरमध्ये केला तर कोळी मरतील, पण त्यांनी आधीच पोखरलेल्या माश्या पुन्हा धडधाकट होणार नाहीत. म्हणून दीर्घायुषी पिढी कोषात जाण्यापूर्वीच तपासणी व उपचार दोन्ही उरकावे लागतात. तपासणीची रीत अशी की पिलाव्याच्या चौकटीवरून, राणी त्यांत नाही याची खात्री करून घेऊन, सुमारे तीनशे माश्या, म्हणजे अर्धा कप, बाटलीत घ्याव्यात, अल्कोहोलमध्ये हलवाव्यात आणि खाली पडलेले कोळी मोजावेत. शंभर माश्यांमागे दोन-तीन कोळी निघाले तर उपचार अपरिहार्य समजतात. थायमॉल किंवा फॉर्मिक आम्ल यांची वाफ त्या ऋतूत उपयोगी पडते. फॉर्मिक आम्लाचा विशेष हा की ते बंद कोष्ठकांतही शिरते, मात्र फार उन्हात ते राणीला अपायकारक ठरू शकते, म्हणून हवामान पाहून वापरतात. तीनशे माश्यांचा बळी देणे नवशिक्याला जिवावर येते. परंतु या भूतदयेपायी पुढे सगळी वसाहत गमवावी लागते.

सप्टेंबर हा शिध्याचा महिना. ईशान्य अमेरिकेतील वसाहतीला हिवाळ्यासाठी साधारणतः पंचवीस ते चाळीस किलो मध लागतो. खोल कोठीतील एक पूर्ण भरलेली चौकट अडीच ते तीन किलो मध धरते, म्हणजे दहा चौकटींची एक कोठी तुडुंब भरलेली असणे ही किमान अपेक्षा होय. पेटीच्या एका बाजूला तराजूचा आकडा अडकवून ती किंचित उचलावी, नंतर दुसऱ्या बाजूला तसेच करावे आणि दोन्ही वेळच्या वजनांची बेरीज घ्यावी, म्हणजे पेटी न उघडताही वजनाचा अंदाज लागतो. तूट असेल तर दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा घट्ट पाक देतात. वसंतात देतात तसा पातळ पाक येथे चालत नाही, कारण पाकातले जादा पाणी उडवून, तो मधाइतका घट्ट करून, वर मेणाचे झाकण घालण्याचे काम माश्यांना थंडीपूर्वी पुरे करावयाचे असते. तसे न झाले तर तो पाक आंबतो. म्हणून पाक देणे सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंद झालेच पाहिजे. गूळ, काकवी किंवा कच्ची साखर कधीही देऊ नये. माशी आपल्या घरात मलविसर्जन करीत नाही. ऊन पडून बाहेर उडता येईपर्यंत ती महिना-महिना मल आतड्यात साठवून ठेवते, आणि अन्नात न पचणारा अंश जितका अधिक तितकी तिची ही सहनशक्ती लवकर संपून पेटीत हगवण सुरू होते. पांढऱ्या शुद्ध साखरेत असा अंश जवळजवळ नसतो. दुकानातून आणलेला मधही देऊ नये, कारण त्यातून पिलावा कुजवणाऱ्या रोगाचे जंतुबीज येण्याचा धोका असतो.

याच वेळी वसाहतींची निवडही करतात. पाच-सहा चौकटीदेखील माश्यांनी झाकल्या जात नसतील अशी वसाहत एकटी हिवाळ्यात सोडणे म्हणजे तिला मरणाच्या दाढेत लोटणे होय. लहान पुंजक्याचे पृष्ठ त्याच्या आकाराच्या मानाने मोठे असल्याने दर माशीमागे मध अधिक जळतो आणि तरीही ऊब पुरत नाही. अशी वसाहत निरोगी असेल तर तिची राणी काढून ती शेजारच्या सशक्त वसाहतीत विलीन करतात. दोन कोठ्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद पसरला म्हणजे पुरते. कागद कुरतडून पलीकडे जाईपर्यंत दोघींचा गंध एकमेकींत मिसळतो आणि मारामारी होत नाही. रोगी वसाहत मात्र कधीही जोडू नये. आणखी एक दक्षता अशी की उन्हाळ्यात मधाच्या कोठीखाली घातलेली राणीजाळी शरदात न चुकता काढून घ्यावी. ती राहिली तर पुंजका मधाच्या मागे वर सरकतो, राणीला जाळीतून जाता येत नाही, आणि वसाहत वाचूनही खाली एकटी पडलेली राणी गारठून मरते.

ओल हा हिवाळ्यातील खरा वैरी, आणि ती बाहेरच्या बर्फातून न येता बहुतांशी आतूनच येते. मधात सुमारे अठरा टक्के पाणी असतेच. शिवाय त्यातील साखर शरीरात जळताना नवे पाणी तयार होते. रसायनशास्त्राच्या साध्या हिशेबाने एक किलो मधामागे पाऊण लिटरहून थोडे कमी इतके पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे वीस किलो मध खाणारी वसाहत हिवाळाभरात तेरा लिटरांच्या आसपास पाणी श्वासावाटे सोडते. ही उबदार दमट हवा वर चढते, थंडगार झाकणाला लागते, तिचे दवबिंदू होतात आणि ते बर्फासारखे पाणी पुंजक्यावर ठिबकू लागते. कोरडी माशी जी थंडी सहज सोसते, तिने ओली माशी मरते. यावर उपाय सोपे आहेत. पेटीच्या भिंतींपेक्षा तिच्या झाकणाला अधिक जाड आवरण द्यावे, म्हणजे वरचा भाग गार पडत नाही आणि दव जमलेच तर ते बाजूच्या भिंतींवर जमते. झाकणाखाली लाकडाचा भुसा भरलेली उथळ कोठी ठेवावी, म्हणजे ओल शोषली जाते. पेटी दाराच्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे साचलेले पाणी बाहेर वाहून जाते. आणि ती जमिनीपासून उंच घडवंचीवर असावी. वरच्या बाजूला हवेसाठी लहान भोक ठेवावे की ठेवू नये, याविषयी मधपाळांत मतभेद आहेत. परंतु झाकण उबदार असावे याविषयी दुमत नाही.

दाराचा बंदोबस्तही याच काळात करतात. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस सीली यांनी न्यूयॉर्क राज्यातील रानटी वसाहतींचा दीर्घकाळ अभ्यास केला. आपणहून घर निवडणारा थवा सुमारे चाळीस लिटरांची पोकळी आणि लहानसे दार पसंत करतो, असे त्यांना आढळले. मधपेटीचे उन्हाळी दार याच्या कितीतरी पट रुंद असते, म्हणून शरदात ते लाकडी पट्टी बसवून अरुंद करतात. त्यामुळे वारा अडतो आणि लुटारू माश्या व गांधीलमाश्या यांच्याशी सामना करणे पहारेकरी माश्यांना सोपे जाते. थंडी पडू लागली की शेतातील उंदीर उबेच्या शोधात पेटीत शिरतात, पोळी कुरतडून त्यांत घर करतात, आणि पुंजक्यात बसलेल्या माश्या त्यांचे काही करू शकत नाहीत. म्हणून साधारण नऊ-दहा मिलिमीटर छिद्रांची लोखंडी जाळी दाराला ठोकतात, जिच्यातून माशी जाते पण उंदीर जात नाही. कुंपण, झाडांची रांग किंवा गवताच्या पेंढ्या रचून उत्तरेचा व पश्चिमेचा वारा अडवतात. पेटीला डांबरी कागद गुंडाळण्याची चालही आहे. परंतु शाल पांघरल्याने अंगात ऊब उत्पन्न होत नाही, असलेली टिकते एवढेच, त्याप्रमाणे आतला पुंजकाच जर दुर्बळ असेल तर बाहेरच्या वेष्टनाने तो सबळ होत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात, राणीचे अंडी घालणे थांबून पोळ्यात बंद पिलावा उरलेला नसताना, वरोआवर दुसरा व अखेरचा प्रहार करतात. ऑक्झॅलिक आम्ल बंद कोष्ठकांत शिरत नाही, पण पिलावाच नसला तर सगळे कोळी माश्यांच्या अंगावर उघडेच असतात. एक लिटर पातळ पाकात पस्तीस ग्रॅम आम्ल विरघळवून माश्यांनी व्यापलेल्या दोन चौकटींमधील प्रत्येक फटीत पाच मिलिलिटर, आणि सबंध पेटीला पन्नास मिलिलिटरांहून अधिक नाही, असे त्याचे प्रमाण आहे. हातमोजे व डोळ्यांना संरक्षण यांखेरीज हे काम करू नये.

एवढे झाले की मधपाळाचे उत्तम कर्तव्य म्हणजे काही न करणे. पेटी उघडणे, ठोकणे, हालवणे यांनी पुंजका विस्कटतो आणि मध व्यर्थ जळतो. दारावर भुसभुशीत बर्फ साचला तरी भिण्याचे कारण नाही, त्यातून हवा खेळते. मेलेल्या माश्यांचा खच आतून दार बुजवीत असेल तर मात्र वाकवलेल्या तारेने तो हलकेच ओढून काढावा. ऊन पडून हवा आठ-दहा अंशांवर गेली की माश्या थोडा वेळ बाहेर उडून मलविसर्जन करतात. बर्फावर पिवळे ठिपके आणि काही मेलेल्या माश्या दिसल्या तर ते वसाहत जिवंत असल्याचे चिन्ह समजावे. खरा धोका डिसेंबरच्या कडाक्यात नसून फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो. दिवस वाढू लागताच राणी पुन्हा अंडी घालू लागते, गाभा पस्तीस अंशांवर न्यावा लागतो, मधाचा खर्च एकाएकी वाढतो, आणि बाहेर फूल तर अजून नसते. वसंत तोंडावर आला असता उपासमारीने मेलेल्या वसाहतींची संख्या म्हणूनच मोठी असते. या दिवसांत पेटीचे वजन पुन्हा अजमावून, हलकी वाटल्यास पुंजक्याच्या थेट वर कोरडी साखर किंवा साखरेची वडी ठेवतात. थंडीत पाक देणे घातक ठरते.

ही सर्व दगदग न करता व्यवहार भागवता येतो, असे कॅनडाच्या मैदानी प्रांतांतील पुष्कळ मधपाळांना दीर्घकाळ वाटत होते. ते शरदात सगळा मध काढून घेत, माश्या मारून टाकीत आणि वसंतात अमेरिकेच्या उष्ण भागांतून किलोच्या हिशेबाने नव्या माश्या विकत आणीत. १९८७ साली परोपजीवी कोळ्यांच्या भीतीने कॅनडाने ही आयात बंद केली, आणि मग त्याच लोकांना माश्या हिवाळ्यातून जगवण्याची विद्या हस्तगत करावी लागली. त्यांतील अनेक जण आज शेकडो पेट्या अंधाऱ्या, हवेशीर, चार-पाच अंशांवर राखलेल्या कोठारांत ठेवून हिवाळा पार पाडतात.

महाराष्ट्रातील वाचकाला हिमाचे हे प्रकरण परके वाटेल. परंतु सह्याद्रीतील मधपाळाला याच्याशी समांतर अशी एक कसोटी दरवर्षी द्यावी लागते, आणि ती म्हणजे पावसाळा. महाबळेश्वरच्या परिसरात वार्षिक सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात सातेरीला आठवडेच्या आठवडे बाहेर पडता येत नाही. जांभूळ, हिरडा यांच्या फुलवणीचा मध उन्हाळ्यात निघतो, आणि लोभापायी तो सगळाच काढून घेतला तर आषाढात वसाहत उपाशी पडते. सातेरीचा स्वभाव असा की उपासमार झाली की ती पेटी सोडून उडून जाते. उरल्या दुबळ्या वसाहतींची पोळी मेणकिडा पोखरून काढतो. म्हणून येथील जाणता मधपाळ पावसापूर्वी आत मध राखतो, जादा रिकामी पोळी काढून घेतो, छप्पर गळत नाही ना ते पाहतो, मुंग्यांसाठी घडवंचीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतो आणि गरजेप्रमाणे पाक देतो. उपासमार, ओल, दुर्बळता आणि कीड हे शत्रू दोन्हीकडे तेच. बर्फाच्या जागी धुके व संततधार एवढाच फरक. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि १९६२ साली पुण्यात स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था यांच्यामुळे हे ज्ञान गावोगावच्या मधपाळांपर्यंत पोचण्याची वाट मोकळी झाली आहे.

सीली यांच्या अभ्यासात रानातील नव्या वसाहतींपैकी सुमारे एक चतुर्थांशच पहिला हिवाळा पार करू शकल्या. एकदा जम बसलेल्या वसाहतींपैकी मात्र तीन चतुर्थांशांहून अधिक वर्षभर टिकल्या. पहिल्या वर्षी घर बांधण्यातच इतका मकरंद खर्ची पडतो की साठ्यासाठी फारसे उरत नाही, हे त्याचे प्रमुख कारण. तेव्हा न्यू जर्सीच्या परसात असो वा महाबळेश्वरच्या अंगणात असो, ज्या मराठी गृहस्थाला नव्याने मधपेटी ठेवण्याची हौस आहे त्याने एक नियम कटाक्षाने पाळावा: पहिल्या वर्षाचा मध आपला समजू नये, तो सगळा पेटीतच राहू द्यावा, आणि दुसऱ्या वर्षापासूनही वसाहतीच्या वाट्याचे वजन आधी बाजूला काढावे व त्यावर जे उरेल तेवढ्यालाच हात लावावा.